त्रेचाळीस वर्गणीदारांचा खुलासा

यंदाच्या मार्च महिन्यात मला असं समजलं की चार वर्षांपूर्वी मी दोन लाख पंधरा हजार रुपये कमावले होते. मला स्वतःला याची काही कल्पना नव्हती. आयकर खात्याला होती, आणि त्यांनी ती मला ई-मेलने कळवली होती.

माझा ई-मेल माझ्या नावाचा असला तरी तो नेमका कुठे राहतो, हे फक्त आमच्या प्रांजलीला माहीत. प्रांजली माझी मुलगी. न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात कामाला आहे आणि दर पंधरा दिवसांनी रेवदंड्याला घरी येते. आली की आईशी बोलते, मासळी खाते आणि माझ्या फोनची साफसफाई करते. त्या रविवारी सकाळी चहा पिता पिता ती फोनमध्ये शिरली आणि म्हणाली, "पप्पा, इन्कम टॅक्सची नोटीस आहे ही. सोमवारी आलीय."

"चुकून आली असेल," मी म्हणालो. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने अशा वेळी दुसरं काय म्हणायचं असतं?

"अजित गुणाजी तांबे. पॅन नंबर तुमचाच आहे. तुम्ही त्या वर्षी रिटर्न भरलेलं नाही आणि अकाउंटला दोन लाख पंधरा हजार कॅश जमा केलीय. ती कुठून आली ते विचारतायत. पंधरा दिवसांत उत्तर द्यायचंय. सहा गेले, नऊ उरलेत."

मी पस्तीस वर्षं एका हायस्कुलात नोकरी केली, त्यातली शेवटची सतरा हेडक्लार्क म्हणून. मुदत हा माझ्या आयुष्याचा विषय. 'मुदतीनंतर प्राप्त, सबब अस्वीकृत' असा शिक्का मी अलिबागहून खास बनवून घेतला होता आणि तो मारताना मला एक प्रकारची शांतता लाभत असे. अशा माणसाची मुदत त्याच्याच खिशातल्या फोनमध्ये सहा दिवस सडत पडावी, हा अपमान रकमेपेक्षा मोठा होता.

रकमेचा उलगडा मात्र मला लगेच झाला. आम्ही एक्याऐंशी सालचे दहावीवाले. कोविड ओसरल्यावर कोणीतरी ग्रुपवर लिहिलं, "जे उरलोत ते एकदा भेटू या." मग डिसेंबरात आमच्या जुन्या शाळेच्या मैदानात मेळावा ठरला. माणशी पाच हजार वर्गणी, त्रेचाळीस जण. पैसे कुणाकडे ठेवायचे, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव घेतलं, कारण मी शाळेत असताना फळा पुसायच्या डस्टरचाही हिशेब ठेवत असे. मी ते पैसे माझ्या बचत खात्यात भरले. त्यातून मांडव झाला, जेवण झालं, हयात असलेल्या तीन गुरुजनांना शाली दिल्या, शाळेला पिण्याच्या पाण्याची थंड टाकी दिली. उरलेल्या सदतीस रुपयांचे पेढे आणून मी हिशेब बंद केला होता. असा बंद केलेला हिशेब चार वर्षांनी सरकार उघडील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

ही बातमी आमची जयमाला ऐकत होती. "तुमचा हिशेब कधी चुकत नाही ना," ती आतून म्हणाली. एवढंच. तेहतीस वर्षांच्या संसारात तिने वाक्यं लहान करत आणली आहेत.

शेजारचा सदा मात्र लहान वाक्यांवर विश्वास ठेवत नाही. सदा माझा वर्गमित्र, एसटीत कंडक्टर होता. आता निवृत्त आहे, पण कुंपणापलीकडून कुणाचं बोलणं कानावर आलं की 'पुढे सरका' म्हणत आत येण्याची त्याची सवय गेलेली नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढली.

"ह्यात न्यायाचा प्रश्न हाय अजित," तो म्हणाला. "आमच्यात कसं होतं बघ. सुट्टे नसले तर आम्ही तिकिटाच्या मागे लिहून द्यायचो, सात रुपये देणे. ते प्रवाशाने उतरायच्या आत मागायचे. उतरला, गाडी सुटली, सात रुपये बुडाले. पण विनातिकीट माणूस? तो उतरून स्टँडाबाहेर वडापाव खात असला तरी चेकर त्याला धरायचा. म्हंजे आमचं देणं गाडीसोबत संपायचं आणि त्याचं देणं त्याच्या पाठीपाठी फिरायचं."

"मग तू काय करायचास?"

"मी सात रुपये खिशात ठेवायचो न्हाय," सदा म्हणाला. "बहुतेक वेळा."

सोमवारी मी अलिबागला किशोरी मॅडमकडे गेलो. प्रांजलीने शोधलेल्या या कर सल्लागार. वय असेल तीसच्या आसपास, बोलणं गोड आणि बोटं कीबोर्डवर अशी चालणारी की जणू कोणी करंदी सोलतंय. त्यांनी माझं सगळं त्या वर्षाचं चरित्र पडद्यावर काढलं आणि म्हणाल्या, "काका, एक गंमत सांगू? त्या वर्षी तुमच्या पगारातून नऊ हजार तीनशे चाळीस रुपये जास्त कापले गेलेत. हा तुमचा रिफंड होता."

हे कसं घडलं ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगतो. करबचतीच्या पावत्या शाळेच्या ऑफिसात एकतीस जानेवारीपर्यंत द्यायच्या, ही मुदत मीच ठरवलेली. त्या वर्षी मेळाव्याच्या धांदलीतून मी उठेपर्यंत फेब्रुवारीची तीन तारीख उजाडली. माझ्या विम्याच्या पावत्या माझ्या टेबलावर मुदतीनंतर आल्या. मी त्यांच्यावर शिक्का मारला. दुसऱ्यांना एक नियम आणि स्वतःला दुसरा, असं मी कधी केलं नाही. कर कापला गेला. विवरणपत्र भरून तो परत मागता आला असता, पण आमची विवरणपत्रं भरणारे गृहस्थ त्याच सुमारास मुलाकडे नाशिकला राहायला गेले, आणि मी म्हटलं, कर कापलाय ना, सरकारचं सरकारला पोचलं.

"मग आता मागू या की," मी किशोरी मॅडमना म्हणालो. माझ्या आवाजात बऱ्याच दिवसांनी उत्साह आला होता.

"मुदत संपली काका. तेवीस साल उजाडायच्या आधी भरायला हवं होतं."

"आणि मला विचारायची त्यांची मुदत?"

"ती अजून आहे."

"वर्ष एकच ना?"

"एकच."

मी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. म्हणजे ते एकच वर्ष माझ्यासाठी वारलेलं होतं आणि त्यांच्यासाठी जिवंत, चांगलं ठणठणीत. किशोरी मॅडमना माझी दया आली असावी. त्या म्हणाल्या, "उशीर माफ करा, असा अर्ज करता येतो. पण वेळेत का भरलं नाही, खरंच काय अडचण होती, ते वरच्या साहेबांना पटवून द्यावं लागतं."

"त्यांनी चार वर्षांनी विचारलं. त्यांची काय अडचण होती?"

"ते त्यांना सांगावं लागत नाही."

एवढं बोलून त्यांनी मूळ कामाचं सांगितलं. रोकड माझी नाही, वर्गणी आहे, हे सिद्ध करायला प्रत्येक वर्गणीदाराचं सहीचं पत्र हवं. सोबत आधार कार्डाची प्रत. मजकूर त्यांनी छापूनच दिला, दोन ओळींचा: मी अमुक, मेळाव्यासाठी श्री. अजित तांबे यांच्याकडे रोख रुपये पाच हजार दिले होते. मी सोडून बेचाळीस पत्रं. नाहीतर सगळी रक्कम माझं उत्पन्न धरणार, त्यावर कर, व्याज आणि दंड. आकडा ऐकून मी पाणी मागितलं.

प्रांजली फोनवर म्हणाली, "पप्पा, एवढं काय त्यात? ग्रुपवर टाका ना." मी टाकलं. सविस्तर, मुद्देसूद, क्रमांक घालून. त्यावर सत्तावीस जणांनी हात जोडले. चौघांनी 'अभिनंदन' लिहिलं. दोघांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आणि मग चांगदेवने, जो शाळेतही दुसऱ्याची पाटी पाहून घाबरायचा, एक संदेश पुढे ढकलला: 'सावधान, आयकर नोटीस आली असे सांगून मित्रांच्या नावाने आधार कार्ड मागणारी टोळी सक्रिय.' झालं. मी एकेकाला फोन लावू लागलो, तर उलट आणखी संशय. पनवेलच्या एका बाईंनी मला विचारलं, "तू अजित असशील तर सांग, आठवीत भूगोलाला कोण होतं?" मी घाबरून चुकीचं नाव सांगितलं. त्यांनी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं, 'हुबेहूब अजितचा आवाज काढतात, जपून.'

म्हणून बुधवारी सदाची स्कूटर निघाली. सदा म्हणाला, पेट्रोल तुझं, मार्ग माझा. रेवदंडा, चौल, नागाव, अलिबाग, पोयनाड. अर्धा वर्ग याच पट्ट्यात राहतो. तीन दिवस आम्ही दोघं साठी उलटलेले गृहस्थ हेल्मेट घालून लोकांच्या दारात उभे राहत होतो, आणि दार उघडणारा माणूस आधी आम्हांला वीजबिलवाले समजत होता.

पण एकदा ओळख पटली की सही बाजूलाच राहायची. आधी सरबत, मग मेळाव्याचे फोटो, मग शाळेचे. अमक्या बाईंनी छडी मारली ती कोणत्या हातावर, यावर वाद. पत्रावर नुसती सही करायला एकही माणूस तयार नव्हता. पस्तीस वर्षं कागदाला घाबरून जगलेली ही माणसं, त्यांच्या हातात सरकारला पाठवायचा कागद प्रथमच मोकळा आला होता. चौलच्या हेमांगीने दोन ओळींखाली लिहिलं, 'जेवण उत्तम होते, फक्त उशिरा मिळाले.' नागावच्या मित्राने लिहिलं, 'अजित प्रामाणिक आहे, पण तापट आहे.' सदाने स्वतःच्या पत्रात नमूद केलं की पाच हजारांत बिर्याणी व्हायला हवी होती. मी कळवळून सांगायचो, अरे, हे आयकर खात्याला जाणार आहे. ते म्हणायचे, मग तर खरं लिहायला पाहिजे.

आम्हांला दारोदार फिरताना पाहिल्याची बातमी गेली तेव्हा लांबच्यांचाही विश्वास बसला. पुणे, ठाणे, बडोदा इकडून पत्रांचे फोटो फोनवर आले. पनवेलच्या बाईंनी क्षमा मागून भूगोलाच्या मास्तरांचं खरं नाव कळवलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत चाळीस पत्रं जमली. उरली दोन, आणि ती का उरली हे मला ठाऊक होतं.

पहिली केसर. केसर रेवदंड्याचीच, कोळीवाड्यातली, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. तरी त्या तीन दिवसांत मी तिच्याकडे गेलो नव्हतो. शनिवारी सकाळी गेलो तेव्हा ती वाळवणावर होती. दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, खाली जवळा पसरलेला, आणि ती डोक्याला रुमाल बांधून फिरत होती. मी कागद पुढे केला. तिने वाचला, सावकाश.

"कवा सरते तुझी मुदत?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"मंग बुधवारी ये. बुधवारी सही देतो."

"केसर, बुधवारी तिचा उपयोग नाही."

"व्हय ना? येक दिवस. येका दिवसाने काय व्हतंय, असं मी पण तुला इचारलं व्हतं."

विचारलं होतं. चौदा वर्षांपूर्वी, माझ्या टेबलासमोर उभी राहून. तिचा विनेश शाळा सोडून बोटीवर जाऊ लागला होता आणि त्याने बाहेरून दहावीला बसावं म्हणून ती सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आली होती, मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी शिक्का मारला होता. मेळाव्याला ती आली, पाच हजार मोजून दिले, माझ्या हातून पेढाही घेतला. मला वाटलं होतं, विषय मिटला.

मी तिथून उठून किनाऱ्यावर गेलो. विनेश बोटीच्या सावलीत जाळं सांधत होता. आता बत्तीस वर्षांचा आहे, दोन पोरांचा बाप. त्याने विचारलं, "काका, आये काय बोलली?" मी सांगितलं. तो सुतळीकडे बघून हळूच हसला.

"काका, फॉर्म दोन दिवस माझ्या खिशात व्हता. आयेनं वेळेत भरून दिलता. मलाच परीक्षा नको व्हती, म्हणून मी शाळेत दिलाच न्हाय. तिला खिशात घावला तवा ती धावत तुमच्याकडे आली. मी सांगितलं तिला, शाळा बंद व्हती म्हणून." सुतळीला गाठ मारून तो म्हणाला, "आयेला सांगू नका."

त्या वेळी मला जे वाटलं ते आनंदापेक्षा वेगळं नव्हतं. चौदा वर्षं एक आरोप डोक्यावर वागवल्यावर निर्दोष सुटण्याचं सुख असतं ते. मी ताठ चालत वाळवणावर परत आलो. वाक्य तयार होतं. केसर जवळा हाताने उलटा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "त्याला वकील करायचा व्हता मला. त्याच्या आज्याची जमीन पेपर न वाचता आल्यानं गेली. घरात येक तरी कोरटाचा कागद वाचणारा पाहिजे व्हता."

मी खाली बसलो. तयार वाक्य तोंडातच राहिलं. त्याऐवजी, का कोण जाणे, दुसरंच बाहेर आलं.

"केसर, त्या दिवशी फॉर्म घेता आला असता. गठ्ठा बोर्डाकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होता. तो माझ्या कपाटातच होता, बांधलेलाही नव्हता."

तिचा हात थांबला. "मंग घेतला का न्हाय?"

"नियम होता."

"कोणाचा?"

"बोर्डाचा," मी म्हणालो. मग म्हणालो, "थोडा माझापण."

उन्हं वर आली तशी तिने मला एक काठी दिली आणि कावळे हाकायला सांगितलं. दीड तास मी, निवृत्त हेडक्लार्क, पांढऱ्या शर्टात कावळे हाकत होतो. येणारे जाणारे बघत होते. साडेअकराला तिने पदराला हात पुसले, कागद मागितला, सही केली आणि खाली एक ओळ लिहिली: 'पैसे दिले ते खरे. बाकीचे आमचे आम्ही बघू.'

दुसरं पत्र भिकूचं. भिकू मोरे माझ्या बाकावरचा. आमच्या दोघांचीही घरं बौद्धवाडीत, भिंतीला भिंत लागून. पुढे तो दिघीला गेला, आगरदांड्याच्या फेरीबोटीवर दोर बांधायचं, गाड्या लावायचं काम करायचा. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी तो वारला. किशोरी मॅडम म्हणाल्या होत्या, वारसाचं पत्र चालेल. भानगड अशी होती की भिकूने वर्गणी दिलीच नव्हती. त्याच्याकडे नव्हते आणि तो येणार नाही म्हणत होता, म्हणून त्याचे पाच हजार मी भरले आणि यादीत त्याचं नाव लावलं. हे आम्हां दोघांतच राहिलं होतं. त्याच्या बायकोने छापील पत्रावर सही केली असती की यादी जुळली असती, आणि भिकूचा मानही राहिला असता, असा माझा विचार.

रविवारी सदा आणि मी मुरूडमार्गे आगरदांड्याला गेलो, स्कूटर बोटीत चढवली. दोर बांधणारा माणूस नवा होता.

सुचिताताई, भिकूची पत्नी, अंगणवाडीत सेविका आहेत. "जयभीम भाऊ, या," म्हणाल्या. चहा झाला. मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घडी घालून माझ्यापुढे ठेवलं.

"हे खरं नाही, भाऊ. पैसे तुम्ही भरले होते."

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. त्याच दिवशी घरी येऊन."

मी यादीचं सांगितलं, मुदतीचं सांगितलं, एक नाव कमी पडलं तर सगळ्यांवर संशय येईल असंही म्हणालो. त्या ऐकत होत्या. मग उठून आतून फुलस्केप कागद आणि पेन घेऊन आल्या.

"खोटं लिहिणार नाही. पण खरं लिहून देते," असं म्हणून त्यांनी अंगणवाडीच्या ठसठशीत अक्षरात लिहायला घेतलं. मध्येच थांबून विचारलं, "त्या दिवशी हजेरी घेतली होती ना तुमच्या मास्तरांनी?"

घेतली होती. नव्वदीच्या गुरुजींनी थरथरत्या आवाजात जुन्या क्रमाने नावं घेतली होती. भिकू शाळेत असताना बापाबरोबर होडीवर जायचा, त्यामुळे हजेरीला कधीच नसायचा. त्याचं नाव आलं आणि तो उभा राहून 'हजर' म्हणाला. गुरुजी चष्म्यावरून बघून म्हणाले, "भिकू, आज वेळेवर आलास." आणि भिकू जो हसत सुटला तो थांबेचना. पुढची नावं गुरुजींना दोनदा घ्यावी लागली. मी सांगत होतो आणि सुचिताताई मान हलवत होत्या, जणू आपण स्वतः तिथे होतो.

त्यांनी कागद दिला. लिहिलं होतं: 'माझे पती कालकथित भिकू सखाराम मोरे यांची वर्गणी श्री. अजित तांबे यांनी स्वतःच्या पैशाने भरली. माझ्या पतींनी पैसे दिले नाहीत. त्या दिवशी ते खूप हसले होते. घरी आल्यावर सुद्धा हसत होते.' खाली सही.

परतीच्या बोटीत सदा म्हणाला, "तू दहा हजार भरलेस, आणि मला बोलला न्हाईस."

सदाला कळलं म्हणजे जयमालाला कळणारच, म्हणून मी घरी पोचल्याबरोबर स्वतःच सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. "त्या वर्षी मी मिक्सर मागितला होता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, ओढगस्त आहे." तव्यावरची भाकरी उलटून तिने पुढे विचारलं, "भिकूभावजी जेवले होते ना नीट त्या दिवशी?"

"दोनदा वाढून घेतलं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. मिक्सर मात्र त्याच आठवड्यात आला.

मंगळवारी सकाळी दहाला मी सगळी पत्रं घेऊन किशोरी मॅडमच्या दारात हजर होतो. त्यांनी एकेक पत्र उघडलं आणि त्यांचा गोड चेहरा हळूहळू बदलत गेला. "काका, हे बिर्याणीचं काय आहे? आणि तुम्ही तापट आहात, हे कशाला?" सुचिताताईंचा कागद त्यांनी सर्वांत जास्त वेळ वाचला. मग म्हणाल्या, "हे प्रामाणिकपणे सांगितलं ते बरंच झालं. तुमचे दहा, बाकीच्यांचे दोन लाख पाच हजार. खुलाशात तसं लिहू. फक्त शेवटच्या दोन ओळी नकोत. त्यांचा विषयाशी संबंध नाही. ताईंकडून नवीन लिहून आणता येईल का?"

"आज शेवटचा दिवस आहे."

"मग त्या ओळी झाकून स्कॅन करू."

माझ्या हातून आयुष्यात कितीतरी कागद असंबद्ध म्हणून परत गेले आहेत. पण मी म्हणालो, "नको. तो कागद आहे तसा जाऊ दे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद तसाच स्कॅनरवर ठेवला.

पाठवण्याचं काम सोपं असतं असं म्हणतात. पत्रं एकत्र केली तर फाईल फार मोठी झाली, साइट घेईना. तिचे तुकडे केले तर तुकडे जास्त झाले. दुपारी तीनला साइट बंद पडली, कारण देशातल्या सगळ्या माणसांची शेवटची तारीख बहुधा तीच असावी. चारला वीज गेली. पाच वाजता सगळं एकदाचं चढलं आणि पोच मिळाली. किशोरी मॅडमनी खुर्चीत पाठ टेकली आणि म्हणाल्या, "काका, आता तुमच्या नऊ हजारांचा अर्ज. उशीर का झाला, ते सांगा. खरी अडचण."

मी विचार केला. मग सांगितलं, "त्या वर्षी आम्ही चाळीस वर्षांनी भेटलो. त्यात राहून गेलं." त्यांनी तसंच न लिहिता 'कोविडोत्तर परिस्थिती व सल्लागार उपलब्ध नसणे' असं लिहिलं. तेही खोटं नव्हतं.

या गोष्टीला आता चार महिने होतील. नऊ हजार तीनशे चाळीस रुपये अजून 'प्रक्रियेत' आहेत. प्रांजली दर पंधरा दिवसांनी बघते आणि सांगते. निर्णय कधी द्यायचा, यालाही काही मुदत असणार, पण ती मी विचारायला गेलो नाही. मंजूर झाले तरी मधल्या वर्षांचं व्याज मिळणार नाही, कारण उशीर माझा. सदाचं म्हणणं, हे सात रुपये समज आणि सोडून दे. मी सोडून दिलेले नाहीत.

नोटिशीचा निकाल मात्र मे महिन्यात आला. पानभर इंग्रजी होतं. किशोरी मॅडमनी मला फोनवर त्यातली कामाची ओळ मराठीत करून सांगितली आणि मी ती वहीत लिहून घेतली. सगळ्यांना ग्रुपवर कळवलं. सत्तावीस जणांनी हात जोडले. सुचिताताई ग्रुपवर नाहीत, म्हणून त्यांना फोन केला.

"ताई, सुटलो. प्रकरण बंद झालं."

"माझा कागद वाचला का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. कोणी माणसाने वाचला की मशीनने, हेही माहीत नव्हतं. मी वही उघडून ओळ वाचून दाखवली: "करदात्याचा खुलासा व त्यासोबत जोडलेली सर्व निवेदने तपासली असून ती ग्राह्य धरण्यात येत आहेत."

"सर्व निवेदनं?"

"सर्व."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ते हसले होते, हेसुद्धा मान्य केलं त्यांनी."

"हो ताई," मी म्हणालो, "तेसुद्धा."